नॅशव्हिलला यावं का, विचारलंत म्हणून

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या एका हॉस्पिटल कंपनीत आयटीची नोकरी मिळतेय, मुलगी दुसरीत आहे, आणि न्यू जर्सीची ऑफर सोडून या 'कंट्री म्युझिकच्या', म्हणजे अमेरिकन गावाकडच्या ढंगाच्या गाण्यांच्या, गावात यावं की नाही ते ठरत नाहीये. शिवाय, ती गाणी आपल्याला कळतात तरी का? व्हिसा, भाडं, इन्शुरन्स हे सगळं नेटवर मिळेल. ते सोडून उरलेलं सांगते.

गाणी कळतात. कळतील अशी करूनच ती आपल्यापर्यंत पोचवलेली असतात. नाशिकला कॉलेजच्या सहलीत, भंडारदऱ्याच्या एसटीत आम्ही घसा फोडून जॉन डेन्व्हरचं 'कंट्री रोड्स' म्हणायचो. ते १९७१ मध्ये अमेरिकेच्या पॉप यादीत दुसऱ्या नंबरापर्यंत गेलं, पण कंट्रीच्या यादीत पन्नासाव्याच्या वर सरकलं नाही. म्हणजे आपलं सगळ्यात लाडकं कंट्री गाणं कंट्रीवाल्यांना तितकंसं आपलं वाटलंच नव्हतं.

आम्ही आलो जानेवारी २००९ मध्ये. जुनी कोरोला घेतली. त्या हिवाळ्यात जिकडेतिकडे टेलर स्विफ्टचं 'लव्ह स्टोरी'. एका स्टेशनवर बँजोसकट, आणि बटण दाबलं की दुसऱ्या स्टेशनवर तेच गाणं, तोच आवाज, पण बँजो गुल आणि खाली दणदणीत ड्रम. मला वाटलं, रेडिओच बिघडलाय. मग ऑफिसमधल्या एकीनं सांगितलं की पॉप रेडिओसाठी वेगळं मिक्स करतात. पॉप रेडिओच्या यादीत पहिलं आलेलं ते पहिलं कंट्री गाणं.

युक्ती जुनीच आहे. १९५०च्या दशकात रॉक अँड रोलनं कंट्रीचा खप मारला, तेव्हा चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली या निर्मात्यांनी इथल्याच स्टुडिओंत फिडल आणि स्टील गिटार मागे सारली, व्हायोलिनचा ताफा आणि मऊ कोरस पुढे आणला. पॅट्सी क्लाइनचं १९६१चं 'क्रेझी' ऐका, म्हणजे कळेल. आणि फिडल नि व्हायोलिन हे वाद्य एकच, बरं का. फरक ढबीचा. फोनवर इंग्रजी बोलताना माझा आवाज बदलतो म्हणून नवरा हसतो, तेव्हा मला हे हमखास आठवतं.

१९७५च्या कंट्री पुरस्कारांच्या रात्री चार्ली रिच हा कंट्री गायक विजेत्याचं नाव जाहीर करायला स्टेजवर आला, पाकीट फोडलं, लायटर काढला आणि विजेत्याच्या नावाचा कागदच पेटवला. नाव होतं जॉन डेन्व्हर. कोणी म्हणतं निषेध, कोणी म्हणतं पोटात दारू आणि औषधं. गंमत अशी की दोनच वर्षं आधी रिचचं स्वतःचं 'द मोस्ट ब्यूटिफुल गर्ल' पॉपच्या यादीत पहिलं आलं होतं. असले काका मला आपल्या माणसांतही भेटलेत. पहिल्याच वर्षी एकांकडे गणपतीला गेलो, तर पंचवीस वर्षांपूर्वी आलेले एक गृहस्थ मोदक खाता खाता म्हणाले, "हल्ली काय, कोणीही येतं." वर मला विचारलं, कुठल्या कंपनीतर्फे.

एकटेपणाचं विचारलंत. असतो. सवय होते. पुढे.

कागदांत तुमचं मधलं नाव तपासा. माझ्या पासपोर्टात मधे नवऱ्याचं नाव, डिग्रीवर वडिलांचं, आणि लायसन्सच्या खिडकीतल्या बाईंना दोन्ही पुरुषांची नावं माझ्या नावात कशाला, हेच उमगेना. "यातली खरी तुम्ही कोणती?" असं त्यांनी अगदी सरळ मनानं विचारलं. तीन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला पार्किंगमध्ये बसून रडले. (वर 'पुढे' लिहिलंय खरं.)

पण शाळेचं मात्र अजून खुपतं. प्रवेशाच्या वेळी एक छोटा फॉर्म देतात: मूल पहिल्यांदा कोणती भाषा बोललं, घरी कोणती बोलता, शाळेबाहेर मूल कोणती बोलतं. मी अभिमानानं, वळणदार अक्षरात, तिन्ही ठिकाणी 'मराठी' लिहिलं. झालं. इंग्रजी माध्यमातून आलेल्या, वक्तृत्वात बक्षीस मिळवलेल्या माझ्या आठ वर्षांच्या मुलीची इंग्रजीची चाचणी घेतली. अनोळखी बाई समोर बसल्यावर ती गप्पच राहिली. दप्तरातून चिठ्ठी आली: रोज एक तास वेगळ्या खोलीत, इथे सही करा. तो तास विज्ञानाचा होता. तिथे तिला चेंडू आणि मांजराची चित्रं दाखवायचे. पालकांना यात नको म्हणता येतं, हे मला दीड वर्षानं कळलं. मी सही करून मोकळी झाले होते, खाली 'थँक यू' लिहून.

पुढे कधीतरी जीनी सी. रायलीचं 'हार्पर व्हॅली पीटीए' ऐकलं. टॉम टी. हॉलनं लिहिलेलं, १९६८चं, कंट्री आणि पॉप दोन्ही याद्यांत पहिलं. कुठल्याही गायिकेला हे आधी जमलं नव्हतं. एका विधवा आईचे कपडे नि वागणं बरं नाही, अशी शाळेची चिठ्ठी मुलगी घरी आणते. आई तशीच, मिनीस्कर्टमध्ये, थेट पालकसभेत जाते आणि एकेकाची लफडी सगळ्यांसमोर मोजून दाखवते. गाडी बाजूला घेऊन ऐकलं मी. मजेदार गाणं आहे, लोक हसतात. मला नाही हसू आलं.

मुलगी आता मोठी झाली, तिचं काही अडलं नाही. "मला तिथे एक मेक्सिकन मैत्रीण मिळाली, तू कशाला उगाळतेस?" म्हणते.

मुलगा इथलाच. २०१६ला त्याच्या वेळी पुन्हा तोच फॉर्म आला. मी तिन्ही ठिकाणी 'इंग्लिश' लिहिलं. विचारबिचार काही केला नाही, भराभर लिहिलं. घरात तेव्हाही मराठीच बोलत होतो. त्याला कोणी वेगळ्या खोलीत नेलं नाही. संक्रांतीला फोनवर तो आजीला 'तिलगूल घ्या' म्हणतो आणि आई म्हणते, असू दे गं, गोड वाटतं.

तर या इकडे, गाव चांगलं आहे. मुलगी दुसरीत म्हणजे तो फॉर्म तुमच्याही हातात येणार. काय लिहिलंत ते मला जरूर कळवा.