धूर कुठला, किती आणि कुणाचा: हवेच्या मॉडेलिंगमधलं करिअर

पत्र : माझी मुलगी नागपूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र. मोठी शहरं आणि जंगलातल्या, शेतातल्या आगी यांचा अख्ख्या खंडाच्या हवेवर काय परिणाम होतो, हे संगणकावर मांडण्याचं काम तिला करायचं आहे. बारावीनंतर तिचं रसायनशास्त्र सुटलं. नातेवाईक म्हणतात, सरळ डेटा सायन्सला घाला. यात नोकरी आहे का? नागपूर सोडावं लागेल का? – एक पालक, मनीषनगर

उत्तर : नमस्कार. डेटा सायन्सला घालण्याची घाई करू नका. तिच्याकडे असलेले तीनही विषय या कामाला थेट लागतात, आणि यातलं प्रोग्रामिंग पुढे कुठल्याही डेटाच्या नोकरीत चालतं. उलट बाजूने, म्हणजे नुसतं डेटा सायन्स शिकून इकडे येणं, अवघड जातं. कारण इथे अडतं ते वाऱ्याच्या आणि रसायनाच्या समजेपाशी.

काम नेमकं काय असतं ते आधी पाहू. मॉडेलमध्ये खंडावरची हवा डब्यांच्या थरांमध्ये वाटलेली असते. दर काही सेकंदांनी किंवा मिनिटांनी प्रत्येक डब्यात वारा काय घेऊन आला, काय घेऊन गेला, उन्हात कशाचं काय झालं आणि जमिनीवर किती बसलं, याचा हिशेब होतो. यासाठी डब्ल्यूआरएफ-केम हे मॉडेल जगभर वापरतात. ते फुकट मिळतं आणि फोरट्रानमध्ये लिहिलेलं आहे. त्याला हवामान बाहेरून द्यावं लागतं, उदाहरणार्थ ईआरए5 या जगभरच्या जुन्या हवामानाच्या मोफत नोंदसंचातून. शहरं, कारखाने, वाहनं यांच्या उत्सर्जनाची जागतिक यादी 'एडगर'मधून घेता येते. आगींचं रोजचं उत्सर्जन 'फिन'सारख्या यादीतून येतं आणि ती यादी उपग्रहाने टिपलेल्या आगीच्या ठिपक्यांवरून बनते.

खरी मेख आहे ती कुणाचा वाटा किती, हे ठरवण्यात. 19 ऑगस्ट 2019 ला ब्राझीलच्या साओ पावलोत दुपारी तीनच्या सुमारास अंधारून आलं. दूरवरच्या आगींचा धूर ढगांत मिसळला होता. पण त्या शहराचा स्वतःचाही धूर थोडाथोडका नाही. मग आगीचा वाटा किती? त्यासाठी एकच मॉडेल चार वेळा चालवतात: सगळं चालू, आगी बंद, शहरं बंद, दोन्ही बंद. समजा, एका डब्यात ओझोन अनुक्रमे 60, 50, 48 आणि 40 आला (आकडे फक्त समजण्यापुरते). नुसत्या आगींचे 48 वजा 40, म्हणजे 8. नुसत्या शहरांचे 50 वजा 40, म्हणजे 10. बेरीज 18, पण प्रत्यक्ष वाढ 20 ची. वरचे 2 एकट्या आगीचे नाहीत आणि एकट्या शहराचेही नाहीत. आगीच्या धुरात सेंद्रिय वाफा भरपूर असतात, शहराच्या हवेत नायट्रोजन ऑक्साइड. दोन्ही उन्हात एकत्र आले की ओझोन जास्त बनतो. म्हणून आगी बंद करून एकदाच वजाबाकी केली, तर हे 2 गुपचूप आगीच्या खात्यात जातात. गंमत अशी की भर शहरात गाड्यांमधून निघणारा ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोन खाऊन टाकतो. त्यामुळे ओझोन शहरापेक्षा वाऱ्याच्या पुढच्या गावांत जास्त मिळतो.

आता डब्याचा आकार. खंडाचं मॉडेल बहुधा 20 ते 30 किलोमीटरच्या डब्यांचं असतं. 27 किलोमीटरचा डबा म्हणजे 729 चौरस किलोमीटर. नागपूर महापालिकेचं क्षेत्र त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. कोराडीच्या वीज केंद्राची चिमणी, भांडेवाडीचा कचरा आणि सीताबर्डीची वाहतूक एकाच डब्यात कालवली जाणार. डबा तीनपट बारीक करावा, तर डबे नऊपट होतात आणि वेळेचं पाऊलही तीनपट लहान करावं लागतं. हिशेब 27 पट. म्हणून शहराभोवती तेवढ्यापुरती बारीक जाळी बसवतात. वेळेच्या पावलाचा ढोबळ नियम असा: डब्याच्या किलोमीटरची सहापट, तेवढे सेकंद. 27 ला 162. यापेक्षा मोठं पाऊल घेतलं की मॉडेल मध्येच कोसळू शकतं.

कोसळलं तर निदान कळतं तरी. जास्त त्रास देतात न कोसळणाऱ्या चुका. मॉडेलचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेचं आणि आपलं साडेपाच तास पुढे. वाहनांचा सकाळी नऊचा धूर भारतीय वेळेच्या तक्त्यातून तसाच उचलून भरला, तर मॉडेलमध्ये तो दुपारी अडीचला निघतो. तोवर हवेचा मिसळणारा थर उंच गेलेला असतो, धूर पातळ होतो आणि सकाळचे पीएम 2.5 (हवेतले अतिसूक्ष्म कण) निम्म्यावर आले तरी मॉडेल तक्रार करत नाही. दुसरी चूक एककांची. डब्ल्यूआरएफ-केम वायूंचं उत्सर्जन दर चौरस किलोमीटरला, दर तासाला किती मोल (रेणूंच्या संख्येचं माप) असं मागतं आणि कणांचं दर चौरस मीटरला, दर सेकंदाला किती मायक्रोग्रॅम असं. यादीतलं नायट्रोजन ऑक्साइडचं वजन नायट्रोजन डायऑक्साइड म्हणून मोजलेलं असताना 46 या त्याच्या रेणुभाराऐवजी नायट्रिक ऑक्साइडच्या 30 ने भागलं, की उत्सर्जन दीडपट होतं. तिसरी गोष्ट धुराच्या उंचीची. मोठ्या आगीची धग धूर वर ढकलते. तो सगळा जमिनीलगतच्या थरात सोडला, तर आगीजवळचे आकडे फुगतात आणि दूरचे घटतात.

रसायनशास्त्राची भीती नको. प्रयोगशाळेचं रसायन इथे कमी लागतं. अभिक्रियेचा वेग, प्रकाशाने रेणू फुटणं आणि वातावरणातली ओझोनची साखळी हे मात्र पक्कं हवं. ते पदवीच्या पुस्तकांतून सहा महिन्यांत भरून निघतं.

कोर्सची फी भरण्याआधी तिला हे काम तीन महिने घरीच करून पाहू द्या. साधा लॅपटॉप, त्यावर लिनक्स आणि पायथन. 'फर्म्स' या नासाच्या संकेतस्थळावरून विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचे मार्च ते मेचे आगीचे ठिपके उतरवायचे. या दिवसांत मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला जाळतात, तेंदूपत्त्यासाठी आग लावतात, शेतात पऱ्हाटीचे ढीग पेटतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवरून सिव्हिल लाइन्सचे ताशी पीएम 2.5 घ्यायचे. मग नोआ या अमेरिकेच्या हवामान-सागर संस्थेच्या 'हायस्प्लिट' या मोफत साधनावर नागपुरातून 72 तास मागे हवेची वाट काढायची, 100, 500 आणि 1500 मीटर उंचीवरून, आणि ती वाट ठिपक्यांवरून गेली का ते पाहायचं.

यात तिला तीन गोष्टी अडवतील आणि त्या अडवाव्यातच. केंद्राचा तोच आकडा तासन्‌तास चिकटलेला दिसेल, तो गाळावा लागेल. उष्णतेचा प्रत्येक ठिपका म्हणजे रानातली आग नसते, पोलाद कारखान्यांच्या भट्ट्याही तशाच दिसतात. वर्षभर एकाच जागी दिसणारा ठिपका वगळायचा. आणि आगी टिपणारी व्हिअर्स ही उपग्रहावरची नजर (तिचा एक ठिपका 375 मीटरचा) आपल्यावरून साधारण दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास जाते. सकाळी आठला पेटवून दहाला विझलेला पऱ्हाटीचा ढीग या नजरेला दिसतच नाही, त्यामुळे शेतातल्या आगी यादीत कमी भरतात. असल्या गोष्टी शोधण्यात तिच्या संध्याकाळी आनंदाने जात असतील, तर हे क्षेत्र तिचं आहे. फक्त रंगीत नकाशे आवडत असतील, तर दुसरा विचार करा.

पुढची वाट: भौतिकशास्त्र किंवा वातावरणशास्त्रात एमएस्सी, मग गेट किंवा सीएसआयआर-यूजीसी नेट या संशोधनाची दारं उघडणाऱ्या परीक्षा. नेटमध्ये पृथ्वी, वातावरण व सागर विज्ञानाचा स्वतंत्र पेपर आहे. पुणे विद्यापीठाचा वातावरण व अवकाश विज्ञान विभाग, आयआयटी दिल्लीचं वायुमंडलीय विज्ञान केंद्र आणि बंगळूरची आयआयएससी या जागा डोळ्यांसमोर ठेवा. पुण्याच्या आयआयटीएमने (भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था) दिल्लीसाठी हवेच्या पूर्वसूचनेची यंत्रणा 2018 मध्ये सुरू केली. तिच्या मुळाशी डब्ल्यूआरएफ-केमच आहे.

नोकरीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. सुरुवातीच्या बऱ्याच जागा प्रकल्पावरच्या, ठरावीक मुदतीच्या असतात. नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये आणि नियमानुसार घरभाडे. कायम जागा बहुधा पीएचडीनंतरच. खासगी सल्लागार कंपन्यांत काम लवकर मिळतं, पण तिथे मुख्यतः एका कारखान्याच्या चिमणीचा हिशेब असतो, एअरमॉड नावाच्या वेगळ्या मॉडेलवर. तेही तिने शिकून ठेवावं. 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नागपूरही आहे आणि अशा शहरांना प्रदूषणाचे स्रोत शोधणारी माणसं लागतात.

शहर सोडावं लागेल, निदान काही वर्षं. पण नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेचं मुख्यालय इथेच आहे, तिथे एसीएसआयआर या सीएसआयआरच्या अकादमीमार्फत पीएचडीही होते. प्रादेशिक हवामान केंद्र आणि उपग्रह-चित्रांवर काम करणारं राज्याचं एमआरसॅकही नागपुरातच आहेत. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तिने यांच्याकडे दोन पानांचा अर्ज करावा, सोबत वरच्या घरच्या कामातला एक आलेख जोडावा. नुसत्या गुणपत्रिकेपेक्षा तो आलेख जास्त बोलेल. आणि जानेवारी-फेब्रुवारीचे ताशी आकडेही आत्ताच उतरवायला सांगा. मोहाचा हंगाम सुरू होण्याआधीची पातळी हाताशी नसेल, तर मार्चमधली वाढ कशाच्या तुलनेत मोजणार?