खडकाचा जुना पत्ता

प्रश्न : संग्रहालयात एक लालसर, पट्ट्यापट्ट्यांचा खडक पाहिला. पाटीवर लिहिलं होतं, 'चर्ट. खोल समुद्रातला गाळ. मध्य-महासागरी पर्वतरांगेजवळ तयार झाला.' खडक सापडला डोंगरावर, आणि ज्या समुद्रात तो साचला तो समुद्रच आता शिल्लक नाही. मग तो रांगेजवळ साचला की किनाऱ्याजवळ, हे कशावरून ठरवतात? तसाच दिसणारा एक तुकडा माझ्याकडे आहे. त्यावर व्हिनेगर टाकून काही कळेल का?

उत्तर : व्हिनेगरचं शेवटी सांगतो, आधी पाटीकडे वळू. पाटी लिहिणाऱ्याने नुसतं 'जवळ' म्हटलं, अक्षांश-रेखांश दिले नाहीत, हे बरं केलं. रसायनशास्त्राला नकाशा वाचता येत नाही. गाळात कोणाकडून किती माल आला, एवढंच त्याला कळतं. त्यावरून जमीन किती लांब होती आणि पर्वतरांग (समुद्राच्या तळावरची, जिथे नवा तळ जन्मतो ती) किती लांब, हे आपण ताडायचं.

तुम्ही पाहिला तसा चर्ट म्हणजे मुख्यतः रेडिओलेरिया नावाच्या सूक्ष्म जीवांच्या सिलिकाच्या सांगाड्यांचा थर, पुढे दगड झालेला. सिलिका बिचारी सगळीकडे सारखीच, पत्ता शोधायला निरुपयोगी. कामाचं असतं ते तिच्यात मिसळलेलं उरलंसुरलं. अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम जमिनीवरच्या मातीबरोबर येतात. लोह आणि मँगनीजचा मोठा पुरवठा रांगेवरच्या गरम झऱ्यांचा. हे झरे १९७७ मध्ये गॅलापागोसजवळ पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिले गेले आणि १९७९ मध्ये पूर्व प्रशांत रांगेवर ३५० अंश सेल्सियसच्या आसपासचं काळं पाणी ओकणारी धुराडी सापडली. तेव्हा अॅल्युमिनियमच्या मानाने लोह-मँगनीज भरपूर असेल तर रांग जवळ, उलट असेल तर जमीन जवळ. बघायचं ते गुणोत्तर. नुसती टक्केवारी फसवते, कारण सांगाडे जास्त पडले की बाकी सगळंच विरळ होतं.

इथेच मी एकदा सपशेल तोंडावर पडलो आहे. एका नमुन्यात मँगनीज इतकं निघालं की मी वहीत 'रांग!' असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. दुसऱ्या दिवशी सहज म्हणून कुटून उरलेला तुकडा दहापट भिंगाखाली धरला. खडकातल्या एका भेगेच्या सपाट बाजूवर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी पसरली होती. ते मँगनीजच, पण खडक जमिनीवर आल्यावर भेगांत मुरलेल्या पाण्याने आणून बसवलेलं. समुद्राशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. तेव्हापासून नमुना आधी वाटाण्याएवढा फोडतो, चिमट्याने एकेक कण उचलून बघतो, काळा डाग किंवा पांढरी शीर असलेला कण बाजूला टाकतो आणि उरलेले अकीकाच्या खलात कुटतो. लोखंडी खल घेतला तर लोहाचा आकडा खलाचा येतो. या निवडानिवडीत अख्खी दुपार जाते, यंत्रावरची मोजणी त्यामानाने चटकन उरकते.

म्हणून माझा जास्त भरवसा सिरियमवर. विरल मृदा मूलद्रव्यं म्हणजे एकमेकांसारख्या धातूंचं एक कुटुंब, त्यांच्या क्रमात लँथॅनम आणि प्रेसिओडिमियम यांच्या मधे हे बसतं. ही भावंडं वागायला अगदी सारखी, पण प्राणवायू असलेल्या समुद्रात सिरियम वेगळं वागतं. त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि ते पाणी सोडून कणांना, मँगनीजच्या गोट्यांना चिकटून बसतं. परिणामी समुद्राच्या पाण्यात सिरियमची जागा रिकामी-रिकामी राहते. रांगेजवळ झऱ्यांतून निघालेले लोहाचे बारीक कण पाण्यातली ही मूलद्रव्यं शोषून घेतात आणि तळाशी बसतात, त्यामुळे ती रिकामी जागाही गाळात जशीच्या तशी उतरते. किनाऱ्याजवळ मातीच एवढी येते की तिच्यातल्या सिरियमने ही जागा भरून जाते.

हिशेब सोपा आहे. मोजलेले आकडे प्रमाण म्हणून घेतलेल्या सरासरी शेलच्या, म्हणजे चिखलाचा दगड झालेल्या खडकाच्या, आकड्यांनी भागायचे. समजा, भागून लँथॅनम ०.६० आलं आणि प्रेसिओडिमियम ०.६४. मधलं सिरियम साधारण ०.६२ असायला हवं, पण निघालं ०.१८. म्हणजे अपेक्षेच्या ०.२९ पट. रिचर्ड मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रान्सिस्कन खडकांवर नेमकं हेच केलं. त्यांना रांगेजवळच्या गाळात हे गुणोत्तर सुमारे ०.२९ मिळालं, खुल्या महासागराच्या तळावर ०.५५ आणि खंडाच्या कडेला ०.९० ते १.३०. समुद्रतळ रांगेपाशी जन्मतो आणि सरकत सरकत खंडाकडे जातो, त्यामुळे खालच्या थरापासून वरच्या थरापर्यंत नमुने घेत गेलं तर त्या प्रवासाची रोजनिशीच वाचता येते. सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या मरिन हेडलँड्समध्ये अशा चर्टची जाडी सुमारे ८० मीटर आहे आणि ती साचायला जवळपास १० कोटी वर्षं लागली. हजार वर्षांत मिलिमीटरभरही नाही! किनाऱ्याजवळ एवढा संथ गाळ साचूच शकत नाही, म्हणजे सिरियमच्या साक्षीला इथे जाडीचाही दुजोरा आहे.

मात्र ही पट्टी सरसकट लावू नये. काळ्या समुद्राच्या खोल भागासारखं प्राणवायूविना पाणी असेल तर सिरियम विरघळलेलंच राहतं, रिकामी जागा तयारच होत नाही, आणि ऐन महासागरातला गाळही किनाऱ्यासारखा दिसू लागतो. असा संशय आला की मॉलिब्डेनम आणि युरेनियम तपासायचं. बिनप्राणवायूच्या तळाशी ही दोन्ही गाळात साठतात.

समस्थानिकांबद्दल, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंबद्दल, थोडक्यात. स्ट्राँशियम समुद्रात लाखो वर्षं टिकतं आणि सगळीकडे एकसारखं मिसळतं, त्यामुळे त्याच्याकडून काळ कळतो, जागा नाही. निओडिमियम पुरतं मिसळायच्या आत गाळात जाऊन बसतं, म्हणून अटलांटिक आणि प्रशांत महासागरांत त्याची खूण आजही वेगळी आहे. कोणत्या महासागराचं पाणी, हा प्रश्न असेल तर निओडिमियमला विचारावं.

आता तुमचा तुकडा. व्हिनेगर फक्त चुना आहे की नाही ते सांगेल. बुडबुडे आले तर तो बहुधा लाल चुनखडक. चर्टवर काहीच होत नाही. त्याहून चांगली परीक्षा म्हणजे सुरीचं टोक जोरात ओढून बघा. चर्टवर ओरखडा पडत नाही, उलट सुरीच्याच पोलादाची करडी रेघ उमटते. आणि तुकडा पुढे कधी प्रयोगशाळेत देणार असाल, तर रेघ असलेली बाजू आधी फोडून टाका. तिथलं लोह समुद्राचं नसेल, तुमच्या सुरीचं असेल.