दाढीवाल्या लेटीचं गाणं

प्रश्न : नववीतल्या लेकीबरोबर ‘द ग्रेटेस्ट शोमन’ पाहिला. गाण्यांनी आम्ही दोघी भारावून गेलो. पण माझा भाऊ म्हणतो, हा सिनेमा ज्याच्यावर आहे तो जुन्या काळातला अमेरिकन सर्कसवाला बार्नम खरा असा भला नव्हताच. मग हा सिनेमा आवडणं चुकीचं आहे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, मुळीच नाही. मेजवानीच्या दारातून सर्कशीतल्या मंडळींना परतवलं जातं आणि दाढीवाली लेटी ‘धिस इज मी’ गायला लागते, तिथे मला दरवेळी रडू येतं. केआला सेटल या गायिकेचा आवाज सुरुवातीला जरा दबकाच असतो, मग असा काही मोकळा होतो की अंगावर काटा येतो!

पण तुमच्या भावाचंही खरं आहे. १८३५ मध्ये बार्नमने जॉइस हेथ या वृद्ध, अंध, गुलाम स्त्रीला ‘१६१ वर्षांची, जॉर्ज वॉशिंग्टनची दाई’ म्हणून लोकांपुढे मांडलं. पुढच्या वर्षी ती वारली, तर तिच्या शवविच्छेदनाचीही तिकिटं विकली. सिनेमात तिचा उल्लेखसुद्धा नाही, याचा मला फार राग येतो. सर्कशीतला बुटका चार्ल्स पडद्यावर बावीस वर्षांचा दिसतो. खरा चार्ल्स स्ट्रॅटन बार्नमकडे आला तेव्हा जेमतेम चार वर्षांचा होता आणि जाहिरातीत त्याचं वय अकरा सांगितलं जाई.

मला ते गाणं लेटीचं वाटतं, बार्नमचं नाही. लेकीबरोबर खुशाल गा. आणि जॉइस हेथबद्दल तिला नावानिशी सांगा, नववीतल्या मुलीला ते नक्की समजेल.