वाचकांचे प्रश्न: खोल पाण्यातून वर सोडायची पिशवी

प्रश्न: मालवणला ओपन वॉटर (स्कूबा डायव्हिंगचा पहिला कोर्स) केलं, पुढचे कोर्स अ‍ॅबरडीनला. यंदा स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोमधल्या ‘मार्कग्राफ’ या बुडालेल्या जहाजावर 45 मीटरपर्यंत जायचं आहे, डेको (वर येताना घ्यावे लागणारे थांबे) साधारण 25 मिनिटं. माझ्याकडे 1.2 मीटरचं सॉसेज (आपण कुठे आहोत ते बोटीला कळावं म्हणून हवा भरून दोरीवर वर सोडायची लांबट पिशवी) आहे. दुकानदार 23 किलोची उघड्या तोंडाची लिफ्ट बॅग घ्या म्हणतो. काय करू?

उत्तर: दोन्ही नको. पिशवी लांबीवर घेऊ नका, लिटरवर घ्या. सपाट पसरून रुंदी मोजा. रुंदी गुणिले रुंदी गुणिले लांबी, भागिले 3.14, सगळं सेंटिमीटरमध्ये. आलेल्या आकड्याला 1000 ने भागलं की लिटर. तुमचं सॉसेज 18 सेंमी रुंद असेल तर जेमतेम 12 लिटर होतं. उथळ, शांत पाण्यात चालेल, पण लाटा असताना बोटीवरून ती काडी दिसायची नाही. 1.8 मीटर लांब आणि 24 सेंमी रुंद पिशवी 33 लिटरची होते. ती घ्या, केशरी रंगाची.

उघड्या तोंडाच्या बॅगेचा फायदा एवढाच, की जास्तीची हवा खालून आपोआप निघून जाते, बिघडायला झडपच नसते. पण दोरीचा ताण सुटला आणि लाटेत ती कलंडली की हवा सांडते आणि बॅग परत खाली येते. तुम्हाला हवी ती बंद प्रकारची: तोंडाला आत चोचीसारखी एकेरी झडप आणि खालच्या भागात डंप व्हॉल्व्ह (हवा सोडायची झडप). वजन उचलायची लिफ्ट बॅग वेगळी. तिला वरच्या टोकाला दोरीने ओढून उघडायचा डंप असतो, कारण वर जाताना हवा फुगते आणि ती सोडता आली नाही तर ओझं सुसाट सुटतं. तुम्हाला तिचं कामच नाही: 21 जून 1919 ला जर्मनांनी स्वतःच बुडवलेल्या आरमारातलं ‘मार्कग्राफ’ संरक्षित स्मारक आहे, तिथला खिळाही उचलता येत नाही.

आता भरण्याचा हिशेब. 45 मीटरवर दाब 5.5 बार. तिथे 6 लिटर हवा भरली की पृष्ठभागावर ती 33 लिटर होते, म्हणजे पिशवी गच्च. हेच 6 मीटरच्या थांब्यावरून करायचं तर 20 लिटरहून जास्त लागते. खोलवर काम थोड्या हवेत होतं खरं, पण ती 6 लिटर हातात धरलीत तर तेवढ्याच किलोंनी तुम्हाला वर ओढते. म्हणून दोन टप्पे करा. आधी छोटी फुंकर, पिशवी उभी राहण्यापुरती. दोरी, हात, वर कोण आहे ते पाहा. मग एका दमात उरलेली हवा आणि लगेच सोडा.

हवा उच्छ्वासाचीच वापरा. थंड पाण्यात ऑक्टोपसचं (श्वास घ्यायच्या जादा रेग्युलेटरचं) बटण दाबून धरलं तर तो गोठून फ्री-फ्लो व्हायची, म्हणजे त्यातून हवा थांबता न थांबता वाहायची भीती असते. ड्रायसूटच्या (आत पाणी न शिरू देणाऱ्या पोशाखाच्या) नळीने भरायची सोयही आम्हाला फारशी आवडत नाही: नळी वेळेवर सुटली नाही तर पिशवीबरोबर तुम्हीही निघालात. रीब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून परत वापरणारं उपकरण) वापरणाऱ्यांनी त्याच्या लूपमधली हवा घालवण्यापेक्षा पिशवीला जोडलेली छोटी बाटली बरी.

दोरी किती? 45 मीटरवरून सोडली आणि प्रवाहाने 45 अंशात तिरकी झाली तर 64 मीटर लागते. म्हणजे 70-80 मीटरची रील हवी. जहाज सोडून वर येऊन 21 मीटरच्या थांब्यावरून सोडणार असाल तर 30 मीटरचा स्पूल (दोरी गुंडाळायची साधी फिरकी) पुरतो.

प्रश्न: सरावात स्पूल मधेच अडकतो. काय चुकतं? (पुणे)

उत्तर: बहुतेक वेळा गुंडाळणंच. दोरी काठापर्यंत भरली की सैल वेटोळं कडेवरून घसरतं आणि स्पूलखाली गुंततं. काठाला 4-5 मिमी जागा सोडा आणि ताण ठेवून गुंडाळा. दुसरं कारण हुक: सोडण्याआधी तो दोरीतून आणि भोकातून पूर्ण काढला नाही तर पहिल्याच मीटरला अडतो. स्पूल अंगठा आणि मधलं बोट यांच्यात सैल धरा, बोटाभोवती दोरी येऊ देऊ नका, जाड हातमोज्यात तर मुळीच नाही. स्पूल किंवा रील हार्नेसला (अंगावरच्या पट्ट्यांना) अडकवून पिशवी कधीही सोडू नये. अडकलीच तर सोडून द्या. पिशवी गेली तर पैसे गेले. धरून राहिलात तर थांबे चुकतील. म्हणून तर दुसरी पिशवी आणि दुसरा स्पूल जवळ हवा. थांब्यांवर दोरीला हलका ताण ठेवा, नाहीतर वरची पिशवी आडवी पडते.

प्रश्न: दुसरी पिशवी पिवळीच का? (नवी मुंबई)

उत्तर: ब्रिटनमध्ये केशरी म्हणजे ठीक, पिवळी म्हणजे अडचण, अशी पद्धत बरीच रूढ आहे, पण सगळीकडे नाही. बोटीवर चढल्या चढल्या विचारून ठरवा. पिवळी त्याच दोरीला अडकवून वर पाठवतात, सोबत स्लेट (पाण्याखाली लिहायची पाटी). तिच्यावर नुसतं ‘मदत’ लिहू नका. कोणता गॅस, किती मीटरवर, अजून किती मिनिटं, एवढं लिहा.