जुळी आहेत, मग तिघांचं जेवू का?

प्रश्न : आठव्या आठवड्यात सोनोग्राफीत जुळी दिसली. सासूबाई म्हणतात, आता तिघांचं जेव. खरंच गरज आहे?

उत्तर : नाही. पोट लवकर भरतं, म्हणून दर दोन-अडीच तासांनी थोडं खा: अंडं, उसळ, दही. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या. चहा आणि कॅल्शियम तिच्यापासून दोन तास लांब, नाहीतर लोह अंगी लागत नाही.

जेवणाहून महत्त्वाचं म्हणजे वार (प्लॅसेंटा, ज्यातून बाळाला पोषण मिळतं) एक की दोन, हे १४ आठवड्यांच्या आत रिपोर्टवर लिहून घ्या. नंतर ओळखणं अवघड जातं. वार एकच असेल तर एका बाळाकडे रक्त जास्त वळू शकतं, म्हणून १६व्या आठवड्यापासून दर दोन आठवड्यांनी सोनोग्राफी लागते. ती चुकवू नका. पोट अचानक ताणलं, दम लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.