भिशीचे तीस हजार आणि गाडीचे मागचे दिवे

जुळे सोलापुरातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय एकोणतीस, चिंचोळी एमआयडीसीत नोकरी, हातात येणारा पगार ३६,००० रुपये. सेकंडहँड हॅचबॅक आहे, तिच्या कर्जाचे १७ हप्ते राहिलेत, हप्ता ७,४०० रुपये. मागचा डावा दिवा तडकलाय, पावसात आत पाणी जातं. दुसऱ्या पाळीनंतर पुणे हायवेने रात्री घरी येताना मागून येणाऱ्याला गाडी नीट दिसत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. एका कारागिराने दोन्ही दिवे उघडून आत एलईडी बसवायचे, पळते इंडिकेटर करायचे आणि काच काळसर करायची, असं सगळं काम २४,००० रुपयांत सांगितलंय. या महिन्यात भिशी लागली, ३०,००० रुपये आले. गाडीचा विमा पाच आठवड्यांनी संपतोय, फुल इन्शुरन्सचे ११,२०० सांगितलेत. ते विचारतात, "यंदा फक्त थर्ड पार्टी काढून भागवलं तर दिवे आत्ताच होतात. करू का?"

नका करू. दिव्यांची तुमची गरज मला खोटी वाटत नाही, पण ती भागवायला विम्याचे पैसे काढणं मला पटत नाही. आणि २४,००० चं हे काम विमा भरून झाल्यावरही घेऊ नये, असं माझं मत आहे.

आधी भिशीचा हिशेब करू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. बारा जणांची भिशी, महिना अडीच हजार, तुम्हाला ती चौथ्या महिन्यात लागली. म्हणजे या ३०,००० मधले तुमचे स्वतःचे १०,००० आहेत. उरलेले २०,००० बाकीच्या सभासदांचे, ते तुम्ही पुढचे आठ महिने फेडणार आहात. व्याज नाही, पण ते कर्जच आहे. पत्रात तुम्ही "आलेले पैसे" असं लिहिलंय आणि खर्चाचं मन तिथूनच तयार झालंय. तुम्हीच दिलेला खर्च मांडला तर घरी १५,०००, हप्ता ७,४००, पेट्रोल ५,८००, भिशी २,५००, एसआयपी २,०००. हातात उरतात ३,३००. बँकेत शिल्लक १८,०००. एवढ्या घट्ट बजेटमध्ये २४,००० चे दिवे बसवले आणि पुढच्या महिन्यात घरात कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं, तर तुम्ही पर्सनल लोनच्या दारात उभे राहाल.

आता विमा. थर्ड पार्टीचा प्रीमियम स्वस्त दिसतो, १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला २०२२ मध्ये ठरलेला दर ३,४१६ रुपये आणि वर जीएसटी. पण त्यात तुमच्या गाडीचं नुकसान धरलेलंच नाही. समोरच्याचं नुकसान विमा कंपनी देते, तुमची गाडी गेली तर तुमची तुम्ही बघायची. गाडी चोरीला गेली किंवा उसाच्या ट्रॉलीवर आदळून भंगारात गेली, तरी बँकेचे १७ हप्ते, म्हणजे १,२५,८०० रुपये, थांबणार नाहीत. गाडीच्या कर्जाच्या करारात बहुधा फुल विम्याची अटही असते. तुमच्या करारातलं ते पान काढून वाचा.

आणखी एक पैसा तुमच्या नजरेतून सुटलाय. तीन वर्षं क्लेम न घेतल्यामुळे तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या विम्याच्या प्रीमियमवर मिळणारी सूट, ३५ टक्क्यांवर आलाय. पुढच्या वर्षी क्लेम नसेल तर तो ४५ होईल, त्यानंतर ५०. स्वतःच्या गाडीचा विमा संपल्यापासून ९० दिवसांत पुन्हा घेतला नाही, तर हा बोनस जातो. पुढच्या वर्षी फुल विमा काढायला गेलात तर सुरुवात शून्यापासून, शिवाय गाडीची तपासणीही होणार. वाचलेले सातेक हजार त्यात बरेचसे परत जातात.

आता दिव्यांकडे येतो. एलईडीचा एक फायदा खरा आहे आणि तो मान्य केला पाहिजे. ब्रेक दाबल्यावर साधा बल्ब पूर्ण पेटायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग घेतो, एलईडी जवळजवळ त्याच क्षणी पेटतो. ताशी ८० च्या वेगाने येणारी मागची गाडी तेवढ्या वेळात चार मीटरहून जास्त पुढे येते. रात्रीच्या हायवेवर हे अंतर मोलाचं आहे. पण हा फायदा काच काळसर केली की बराचसा मातीत जातो, कारण उजेडच अडतो. मूळ दिव्यात लाल परावर्तकही असतो, गाडी बंद असली तरी मागच्याच्या हेडलाइटमध्ये चमकतो. दिवा कापून नवा साचा बसवताना तो बऱ्याचदा काढला जातो किंवा रंगाखाली झाकला जातो. गळीत हंगामात मोहोळच्या रस्त्याला बंद पडलेल्या ट्रॉल्या दिसत नाहीत म्हणून आपण सगळेच चिडतो. आपली गाडी रस्त्याकडेला बंद पडली तर तीही दिसली पाहिजे.

कामाचा भागही समजून घ्या. हेडलाइट बऱ्याचदा गरम करून उघडता येतात, मागचे दिवे बहुतेक प्लॅस्टिक वितळवून कायमचे जोडलेले असतात. ते उघडायचे म्हणजे कापायचे आणि मग सीलंटने चिकटवायचे. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा ४३-४४ वर जातो, गाडी दिवसभर कारखान्याच्या आवारात उन्हात उभी, आणि लगेच पाठोपाठ पावसाळा. सील सुटलं की पाणी आत, आणि या वेळी पाण्यात २४,००० चं सर्किट असेल. इंडिकेटरचा साधा बल्ब २१ वॅटचा, एलईडी दोन-तीन वॅटचा. त्यामुळे बल्ब गेलाय असं समजून बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर भराभर फडफडतो. मग वायरिंगमध्ये साध्या बल्बाइतकी वीज खेचणारा रेझिस्टर घालतात, तो चांगलाच तापतो आणि प्लॅस्टिकला टेकला तर ते वितळवतो. एखाद्या दुचाकीने मागून धडक दिली तर कंपनीचा दिवा दुकानात मिळतो. हा मात्र पुन्हा त्याच कारागिराकडून करून घ्यावा लागेल, तोही त्याने धंदा चालू ठेवला असेल तर. गाडी विकताना या कामाचे पैसे कुणी देत नाही, उलट गिऱ्हाईक "मूळ दिवे कुठायत?" असं विचारतं.

कायद्याची बाजू थोडक्यात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मनाने बदल करायला आडकाठी करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. कापलेला दिवा त्यात धरला गेला तर तो मान्यताप्राप्त आहे असं दाखवायला तुमच्याकडे एकही कागद नसेल. विमा कंपनीला न कळवता असा बदल केला आणि मागून धडक बसली, तर नुकसान तपासायला येणाऱ्या सर्व्हेअरचा पहिला प्रश्न त्या दिव्यांवरच येईल.

मग काय करायचं? कंपनीच्या शोरूममध्ये डावा दिवा ३,२०० ला सांगितलाय असं तुम्हीच लिहिलंय. तो घ्या. उजव्याची काच पॉलिश करून घ्या, चारही बल्ब नवे टाका, गंजलेले होल्डर आणि अर्थिंग एखाद्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून साफ करून घ्या. अर्थिंग खराब असलं की नवा बल्बही मिणमिणता पेटतो. तुमच्या तक्रारीचं निम्मं कारण तिथेच असावं, असा माझा अंदाज आहे. हे सगळं ४,००० च्या आसपास बसावं. विम्याचे ११,२०० धरून १५,२०० झाले. उरलेले १४,८०० वेगळे ठेवा, त्यातून भिशीचे जवळजवळ सहा हप्ते निघतात.

त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटचे कंपनीचे एलईडी दिवे ११,८०० ला जोडी मिळते, असंही तुम्ही कळवलंय. हा पर्याय मला कारागिराच्या कामापेक्षा कितीतरी बरा वाटतो. दिवा कारखान्यातून सीलबंद येतो, त्यावर मान्यतेची खूण असते, पावती मिळते. पण त्यातला एलईडी गेला तर बहुधा पूर्ण दिवा बदलावा लागतो, साध्या दिव्यात मात्र पन्नास-शंभराच्या बल्बवर भागतं. शिल्लक १८,००० असताना मी तुम्हाला आज तो घ्या म्हणणार नाही. भिशी संपली की महिन्याला अडीच हजार मोकळे होतात. त्यातले दीड हजार गाडीच्या हौसेसाठी म्हणून निराळ्या आरडीत टाका, आठ महिन्यांत जोडीचे पैसे उभे राहतील. गाडीची हौस असणं वाईट नाही. तुमचं पत्र वाचताना तुम्ही ती गाडी किती जिवापाड सांभाळता हे कळत होतं, म्हणूनच तिच्यावर विमा हवा.

जोडी घ्यायची वेळ येईल तेव्हा तुमच्या व्हेरिएंटला कपलर, म्हणजे दिव्याच्या वायरी जोडणारा प्लग, जुळतो का, हे पार्ट काउंटरवर लेखी विचारा. वायर कापावी लागणार असेल तर घेऊ नका. बसवल्यावर पावतीची प्रत विमा कंपनीला ईमेल करून ठेवा. आणि पॉलिसीचं नूतनीकरण शेवटच्या दिवसावर ठेवू नका, या पगारालाच करून टाका.