शेंडेफळ

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझा परवाचा मेसेज मी दोनदा वाचला. आईने भिंतीवरचं पोस्टर काढायला लावलं, फॅन-अकाउंट बंद कर म्हणाली, आणि तू मला विचारलंस, "मावशी, मला खरंच वेड लागलंय का गं?" उत्तर फोनवर दोन मिनिटांत उरकावंसं वाटेना, म्हणून कागद घेऊन बसले.

वेडबिड काही लागलेलं नाही. बीटीएस या कोरियन गाण्याच्या गटातल्या त्या सात मुलांवर तुझा जीव आहे, आणि तो खरा आहे. त्यापायी तू काय काय शिकलीस, हे तुझ्या आईने अजून पाहिलेलं नाही. मी पाहिलंय.

मे महिन्यात तू माझ्याकडे राहायला आलीस तेव्हा तुझी ती निळी दोनशे पानी वही टेबलावर उघडी पडली होती. डावीकडे कोरियन ओळ, उजवीकडे मराठी. एका ठिकाणी त्यांच्यातला धाकटा जंगकुक मोठ्याला 'ह्यंग' अशी हाक मारतो. इंग्रजी सबटायटलमध्ये तिथे नुसतं नाव येतं, कारण मोठ्या भावाला हाक मारायला इंग्रजीत शब्दच नाही. तू लिहिलं होतंस 'दादा'. त्याच्याखाली, गटात सगळ्यांत लहान असलेल्याला तिकडे 'मकने' म्हणतात, त्याच्यापुढे तू आधी 'सर्वात लहान सदस्य' लिहून खोडलं होतंस आणि लिहिलं होतंस 'शेंडेफळ'. मी तीस वर्षं अनुवाद करते आहे. असा शब्द सापडायला कधीकधी आठवडा जातो. तुला तो पंधराव्या वर्षी सापडला, आणि कुणी शिकवलं नसताना सापडला.

मग तूच मला त्यांची अक्षरं शिकवलीस. कोरियाच्या राजा सेजोंगने १४४३ मध्ये ही लिपी तयार करवली आणि १४४६ मध्ये ती लोकांसाठी जाहीर केली, कारण चिनी अक्षरं साध्या माणसाच्या आवाक्याबाहेरची होती. 'ग'चं अक्षर म्हणजे घशाकडे उचललेली जीभ, 'न'चं म्हणजे दातांमागे टेकलेली जीभ, हे तू स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवून समजावलंस. आपली वर्णमालाही कंठ्य, तालव्य, दंत्य अशी तोंडातल्या जागांवरूनच लावलेली आहे, हे मी सांगितल्यावर तू किती वेळ गप्प बसली होतीस! दोन्ही भाषांत क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, वडीलधाऱ्यांशी बोलताना क्रियापदाचं रूप वेगळं, भेटल्यावर 'जेवलीस का?' अशी विचारपूस. मराठी मुलीला ही भाषा लवकर जवळची वाटते ती यामुळेच.

त्या सातांतला तुमचा नामजून इंग्रजी कसा शिकला, ते तूच मला सांगितलं होतंस. आईने आणून दिलेल्या एका अमेरिकन मालिकेच्या डीव्हीडी त्याने आधी कोरियन सबटायटल लावून पाहिल्या, मग इंग्रजी लावून, मग काहीच न लावता. त्याच मुलाने २४ सप्टेंबर २०१८ ला न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत उभं राहून इंग्रजीत भाषण केलं. तुझी वही त्याच वाटेवर आहे असं मला वाटतं. आईला हे सांग. पुण्याजवळ रांजणगाव, तळेगावला कोरियन कंपन्यांचे कारखाने आहेत, दिल्लीला जेएनयूमध्ये कोरियनमधून बी.ए. करता येतं, टॉपिक नावाची कोरियन भाषेची परीक्षा असते, हेही सांग. नोकरीसाठीच शीक असं माझं म्हणणं नाही. पण आईला तुझ्या पुढच्या आयुष्याची काळजी आहे, आणि तिला समजेल अशा भाषेत तिच्याशी बोलणं तुझ्याच हातात आहे.

आता दुसरी गोष्ट. ही जरा कडक वाटेल.

नवं गाणं आलं की ते ऑनलाइन पुन्हापुन्हा वाजवून त्याचे आकडे वाढवायला तुमचा फॅन लोकांचा ग्रुप रात्री दोन-दोनपर्यंत जागतो. आवाज बंद ठेवायचा नाही, एकच गाणं सलग लावायचं नाही, मध्ये दुसरी दोन लावायची, नाहीतर आकड्यात धरत नाहीत, हे नियम तुला पाढ्यांसारखे पाठ आहेत. त्या आठवड्यात तू मला फोनवर सगळे आकडे सांगितलेस. गाणं कसं आहे म्हणून विचारलं, तर म्हणालीस, "अजून नीट ऐकलं नाहीये." बाळ, मला तेव्हा वाईट वाटलं.

मला यातलं कळत नाही असं समजू नकोस. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून बिनाका गीतमाला लागायची, दर बुधवारी रात्री आठला, अमीन सयानींच्या आवाजात. गाण्याचा नंबर रेकॉर्डच्या विक्रीवर आणि श्रोता संघांच्या पत्रांवर ठरायचा. शाळेत असताना आम्ही सात मैत्रिणींनी असाच एक संघ काढला होता. आमचं गाणं वर चढावं म्हणून आम्ही वेगवेगळ्या शाईने, वेगवेगळ्या नावांनी कार्डं लिहीत बसायचो. ते गाणं कितव्या नंबरला पोचलं, ते आज मला आठवत नाही. कार्डं लिहिताना अडलेले उर्दू शब्द मी वहीच्या मागच्या पानांवर टिपून ठेवायचे. 'तसव्वुर', म्हणजे कल्पना, हा त्यातला पहिला. ती पानं माझ्याकडे अजून आहेत, आणि माझा सगळा व्यवसाय तिथूनच सुरू झाला.

ऑक्टोबर २०२० मध्ये त्या मुलांची कंपनी कोरियाच्या शेअर बाजारात आली. तुमचं जागरण, एकाच अल्बमच्या चार आवृत्त्या, प्रत्येकीत कोणाच्या फोटोचं कार्ड निघेल ते न सांगता विकणं, हा सगळा तिथला हिशेब आहे. मुलं मेहनती आहेत, गाणी मनापासून करतात, तरी हिशेब हिशेबच राहतो. तू एक अल्बम घे, आवडीने घे. उरलेल्या तीन आवृत्त्यांमध्ये गाणी तीच आहेत. आणि तुम्हा फॅन लोकांची ताकद कुठे दिसते ते तर तुला माझ्याहून चांगलं माहीत आहे. जून २०२० मध्ये त्या मुलांनी आणि कंपनीने अमेरिकेतल्या वर्णभेदविरोधी चळवळीला दहा लाख डॉलर दिले, तेव्हा जगभरच्या फॅन्सनी साधारण एका दिवसात तेवढेच गोळा केले. ते वाचताना माझे डोळे भरून आले होते.

सगळ्यांनी पैसे एकत्र करून सामान मागवायच्या त्या ग्रुप ऑर्डरमध्ये बुडालेल्या तुझ्या अठराशे रुपयांचं आईला आजच सांग. भाऊबीजेचे पैसे होते, लाज वाटते, हे मला कळतं. पण पैसे घेऊन गायब झालेल्या माणसाला तुझी हीच लाज उपयोगी पडते. १९३० हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. आईबाबांना जवळ बसवून फोन कर, चॅटचे आणि पैसे पाठवल्याचे स्क्रीनशॉट हाताशी ठेव. आणि दुसऱ्या गटाच्या चाहत्या मुलीला तुमच्या ग्रुपमधल्यांनी जे घाणेरडं लिहिलं, ते तू शेअर केलं नाहीस हे मला दिसलं. पुढच्या वेळी तिला दोन ओळींचा मेसेजही कर. तीही तुझ्याच वयाची असणार.

अकाउंटचं म्हणशील तर बंद करू नकोस. आईशी बोलून रात्री दहाची वेळ ठरव आणि दहावी होईपर्यंत पाळ. पोस्टर मात्र माझ्याकडे आणून दे, माझ्या अभ्यासाच्या खोलीत जागा आहे.

शनिवारी येशील तेव्हा वही आण. तुझ्या त्या आवडत्या हिवाळ्यातल्या गाण्याच्या पहिल्याच शब्दापुढे तू 'मिस करतो' असं लिहून भोवती पेन्सिलीने गोल केला आहेस. मी तो शब्द फोडून पाहिला. त्यात 'बघणं' आहे आणि पुढे 'इच्छा होणं' आहे. आपल्याकडे त्याला 'बघावंसं वाटतं' म्हणतात. चालीत बसतं का, ते तू गाऊन बघ.

तुझी,
मावशी